सायकल कॉम्प्युटरवरचे अंतर आणि चढाई दर वेळी वेगळी का येते, आणि चूक कशी शोधावी

एकाच रस्त्याने, त्याच सायकलीवरून गेले तरी अंतराचा आकडा दर फेरीला बदलतो. सोबतच्या सायकलस्वाराच्या यंत्रावर चढाई शंभर-दीडशे मीटरने जास्त दिसते. घरी येऊन फेरीची नोंद ॲपवर चढवली की तिथे तिसराच आकडा निघतो. जीपीएस सायकल कॉम्प्युटर वापरणाऱ्यांची ही तक्रार नेहमीची आहे आणि तिच्यावरचे नेहमीचे उत्तरही ठरलेले आहे : यंत्र रीसेट करा, नाहीतर महागातले घ्या. बहुतेक वेळा या दोन्ही उपायांनी काही साधत नाही, कारण यंत्र बिघडलेले नसते. एका पडद्यावर शेजारी-शेजारी दिसणारे आकडे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले असतात आणि त्यांतला एखादाच स्रोत चुकत असतो. तो कोणता हे आधी ठरवले तर दुरुस्ती बहुधा काही मिनिटांची असते.

कोणता आकडा कोठून येतो

चाकावर वेगाचा सेन्सर बसवलेला नसेल तर वेग आणि अंतर ही दोन्ही उपग्रहांच्या संकेतांवरून काढली जातात. सेन्सर जोडला की बहुतेक यंत्रे उपग्रह बाजूला ठेवतात आणि चाकाचे फेरे गुणिले चाकाचा परीघ असा साधा हिशोब करतात. नकाशावरची रेषा तेवढी उपग्रहांवरून आखली जाते. उंची आणि चढाई हवेच्या दाबावरून मोजली जाते, पण यंत्रात दाबमापक असेल तरच. नसेल तर तीही उपग्रहांवरून किंवा नकाशात साठवलेल्या उंचीवरून घेतली जाते. पेडलच्या फेऱ्यांची गती आणि हृदयाचे ठोके आपापल्या सेन्सरवरून येतात आणि त्यांचा उपग्रहांशी काहीही संबंध नसतो.

ही वाटणी ध्यानात घेतली की तक्रार ऐकूनच निम्मा शोध लागतो. नकाशावरची रेषा रस्त्यावर नीट बसलेली आहे, पण अंतर दर वेळी ठराविक टक्क्यांनी कमी किंवा जास्त येते, तर परिघाचा आकडा पाहावा. अंतर कधी कमी, कधी जास्त येते आणि रेषाही रस्ता सोडून भरकटलेली दिसते, तर उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत. अंतर बरोबर आहे आणि फक्त चढाई भलतीच आहे, तर दाबमापकाकडे वळावे. ठराविक चूक आणि बदलती चूक यांतला हा फरक सर्वांत उपयोगाचा आहे. तो कळण्यासाठी एकाच मार्गाच्या निदान तीन-चार फेऱ्यांच्या नोंदी समोर ठेवाव्यात. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये.

चाकाचा परीघ

सेन्सर असूनही अंतर चुकण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. सेन्सर पहिल्यांदा जोडताना यंत्र टायरचा आकार विचारते किंवा स्वतःच एक प्रचलित आकडा धरते. ७०० × २५ टायरसाठी (पहिला आकडा चाकाचा ढोबळ व्यास, दुसरा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) कोष्टकांत साधारणपणे २१०५ मिलिमीटर, ७०० × २८ साठी २१३६ आणि ७०० × ३२ साठी २१५५ मिलिमीटर असे आकडे दिलेले असतात. टायर बदलताना हा आकडाही बदलायचा असतो हे फार जण विसरतात. यंत्रात २१०५ तसाच राहिला आणि सायकलीला ३२ चे टायर चढले, तर प्रत्यक्षात १०० किलोमीटर कापल्यावर यंत्र सुमारे ९७.७ किलोमीटर दाखवते. वेगही त्याच प्रमाणात कमी दिसतो आणि सायकलस्वाराला वाटते की नवे टायर जड आहेत.

कोष्टकातला आकडाही कामचलाऊच असतो. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर रुंद आणि अरुंद रिमवर वेगवेगळे फुगतात, शिवाय हवेचा दाब आणि स्वाराचे वजन यांमुळे टायर खाली दबतो तो भाग निराळाच. म्हणून परीघ स्वतः मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरून सपाट फरशीवर किंवा गुळगुळीत रस्त्यावर सायकल उभी करावी, ज्या चाकावर सेन्सर आहे त्याचा व्हॉल्व्ह बरोबर खाली, जमिनीच्या बाजूला आणावा आणि त्या ठिकाणी खडूने रेघ मारावी. मग सायकलीवर बसून, कोणीतरी हलकेच ढकलत असताना, चाकाचे पाच पूर्ण फेरे होऊ द्यावेत. हँडल सरळ राहील याची काळजी घ्यावी, कारण पुढचे चाक थोडेसे जरी डावी-उजवीकडे गेले तरी जमिनीवरची वाट लांबते. पाचव्या फेऱ्याला व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ मारून दोन्ही रेघांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि पाचाने भागावे. सायकलीवर न बसता नुसते चाक फिरवून मोजल्यास आकडा काही मिलिमीटरने मोठा येतो, कारण वजनाने दबलेल्या टायरची त्रिज्या किंचित कमी असते. २१०० मिलिमीटरच्या परिघात १० मिलिमीटरची चूक म्हणजे अर्धा टक्कादेखील नाही. पण दोन-चार शेकडो किलोमीटरच्या लांब फेरीत ती एक-दोन किलोमीटरचा फरक पाडते.

बरीच यंत्रे परीघ आपोआप ठरवतात : सेन्सर जोडल्यानंतरच्या पहिल्या फेरीत चाकाच्या फेऱ्यांची उपग्रहांवरून मिळालेल्या अंतराशी तुलना करून ती आकडा काढतात आणि पुढे तोच वापरत राहतात. ही सोय चांगली आहे, मात्र पहिली फेरी दाट झाडीतून, उंच इमारतींमधून किंवा वळणावळणांच्या घाटातून झाली तर चुकीचा आकडा कायमचा बसतो. त्यामुळे अशी पहिली फेरी मोकळ्या, सरळ रस्त्यावर करावी आणि नंतर सेन्सरच्या तपशिलात जाऊन यंत्राने कोणता आकडा धरला आहे तो पाहावा. तो मोजलेल्या आकड्यापासून दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त दूर असेल तर स्वयंचलित पर्याय बंद करून आपला आकडा हाताने भरावा. एकच सेन्सर दोन सायकलींवर आलटून-पालटून लावणाऱ्यांनी स्वयंचलित पर्यायावर विसंबू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक सायकलीला आपला सेन्सर असावा, आणि ते शक्य नसेल तर सायकल बदलताना परीघही बदलावा.

चाकाचे मोजमाप ठीक झाले की नाही हे पडताळायचे असेल तर सरळ रस्त्यावरचे ओळीने लागणारे चार-पाच किलोमीटरचे दगड पुरेसे असतात. एखादा दगड रस्त्याच्या रुंदीकरणात हललेला असू शकतो, म्हणून एकाच टप्प्यावर न थांबता सलग टप्पे पाहावेत. चारशे मीटरच्या धावपट्टीवर फेऱ्या मारून उपग्रहांची परीक्षा घेऊ नये; सततच्या वळणामुळे आणि छोट्या अंतरामुळे ती परीक्षा यंत्रावर अन्याय करणारी ठरते.

उपग्रहांचे संकेत

सेन्सर नसलेल्या यंत्रावर सगळा भार उपग्रहांवर असतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांचा संकेत अतिशय क्षीण झालेला असतो. स्थान आणि वेळ ठरवण्यासाठी एका वेळी किमान चार उपग्रह लागतात. मोकळ्या आकाशाखाली सध्याची यंत्रे साधारण तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक असतात. उंच भिंत, कडा किंवा इमारत यांवर आदळून संकेत आडवाटेने आला की तो थोडा उशिरा पोहोचतो आणि यंत्राला आपण आहोत त्यापेक्षा भलतीकडेच आहोत असे वाटते. नकाशावर रेषा रस्त्यावरून घरांच्या छपरांवर उडी मारते ती यामुळेच.

फेरीच्या अगदी सुरुवातीला रेषा सरळ तुकड्यात दिसत असेल किंवा पहिला अर्धा किलोमीटर गायब असेल, तर कारण वेगळे असते. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर तीस सेकंदांना पुन्हा पुन्हा पाठवत असतो आणि ती साधारण चार तास कामाची राहते. सगळ्या उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला मात्र साडेबारा मिनिटे लागतात. यंत्र बरेच दिवस बंद असेल किंवा शेकडो किलोमीटर दूर नेऊन सुरू केले असेल, तर त्याला ही माहिती नव्याने गोळा करावी लागते. त्या वेळी आपण सायकल चालवत झाडाखालून गेलो की तीस सेकंदांचा तो संदेश मध्येच तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागतो. म्हणून यंत्र सुरू करून मोकळ्यावर स्थिर ठेवावे, तेवढ्यात टायर आणि ब्रेक तपासावेत, आणि उपग्रह सापडल्याची खूण आल्यावरच नोंद सुरू करावी. फोनच्या ॲपशी यंत्र नियमित जुळवत राहिल्यास उपग्रहांच्या पुढच्या काही दिवसांच्या कक्षा आधीच यंत्रात उतरतात आणि हा वेळ सेकंदांवर येतो. आठवडाभर ॲपशी न जुळवलेले यंत्र सकाळी रेंगाळते, याचे कारण बहुधा हेच असते.

यंत्र कोठे बसवले आहे तेही पाहावे. पडद्याची बाजू आकाशाकडे असावी. पाठीवरच्या खिशात किंवा हँडलच्या पिशवीत ठेवलेल्या यंत्राला अर्धे आकाश शरीर आणि सामान झाकून टाकते. यंत्रावर फोन किंवा धातूचा दिवा ओणवा बसवलेला असल्यास तोही बाजूला करावा.

आता यंत्र किती वेळाने बिंदू नोंदवते तिकडे यावे, कारण घाटातल्या बहुतेक तफावती इथेच निर्माण होतात. पुष्कळ यंत्रांत दर सेकंदाला एक बिंदू नोंदवणे आणि ‘स्मार्ट’ नोंद असे दोन पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात यंत्र जागा वाचवण्यासाठी दिशा किंवा वेग बदलेल तेव्हाच बिंदू टाकते. समजा, १० मीटर त्रिज्येचे एक केसाच्या पिनेसारखे वळण आपण ताशी १८ किलोमीटर वेगाने घेतले. वळणाची लांबी सुमारे ३१ मीटर आहे आणि ते पार करायला सहा सेकंद लागतात. या सहा सेकंदांत मधला एकही बिंदू पडला नाही, तर वळणाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत २० मीटरची सरळ रेघ ओढली जाते आणि ११ मीटर हरवतात. अशी वीस वळणे असलेल्या घाटात दोनशे मीटरहून अधिक अंतर केवळ नोंदीमुळे गळते. आजच्या यंत्रांत जागेची टंचाई नसते; दर सेकंदाची नोंद सुरू ठेवावी आणि ‘स्मार्ट’ पर्याय विसरून जावा.

पडद्यावर एक आकडा आणि ॲपवर चढवल्यावर दुसरा, या तक्रारीचे मूळही याच्या शेजारीच आहे. फिट नावाच्या फाइलमध्ये यंत्राने मोजलेले अंतर प्रत्येक बिंदूसोबत लिहिलेले असते, त्यात चाकाच्या सेन्सरचे मोजमापही येते. जीपीएक्स फाइलमध्ये ठरलेल्या नमुन्यानुसार बिंदूंची जागा, उंची आणि वेळ एवढेच असते, त्यामुळे ती वाचणारे ॲप अंतर स्वतः नव्याने काढते आणि सेन्सरची सारी अचूकता वाया जाते. फेरी दुसरीकडे नेताना शक्यतो मूळ फिट फाइलच न्यावी. सरासरी वेगाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी : एक ठिकाण फक्त चालत्या वेळेने भागते, तर दुसरे थांबलेला वेळही धरते. यात चूक कोणाचीच नसते.

चढावर उपग्रह आडवे अंतर मोजतात आणि चाक तिरके अंतर मोजते, म्हणून फरक पडतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. तत्त्वतः ते खरे आहे, पण प्रमाण पाहिले की या कारणावर बोट ठेवता येत नाही. आठ टक्क्यांच्या चढावर हा फरक एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे १० किलोमीटरच्या सलग चढाला सुमारे ३२ मीटर असतो. त्याहून मोठी तफावत असेल तर कारण अन्यत्र आहे.

आपोआप थांबण्याची सोय

तीव्र चढावर वेग ताशी पाच-सहा किलोमीटरवर येतो. वर झाडी असली तर उपग्रहांवरून काढलेला वेग क्षणभर आणखी खाली घसरतो आणि यंत्र आपण थांबलो आहोत असे समजून नोंद थांबवते. त्या वेळातले अंतर एकूण अंतरात मोजले जात नाही. घाटात अंतर कमी आणि सरासरी वेग संशयास्पदरीत्या चांगला येत असेल तर हेच घडलेले असते. उलट, ही सोय बंद ठेवून चहापाण्याला अर्धा तास थांबले की उभ्या यंत्राचे स्थान तीन-चार मीटर इकडे-तिकडे हलत राहते आणि काही यंत्रे ते हलणेही अंतरात मिळवतात. दोन्हींवर एकच खरा उपाय आहे, तो म्हणजे चाकाचा वेगसेन्सर. चाक फिरत आहे की नाही हे तो निःसंदिग्धपणे सांगतो. तो नसेल तर आपोआप थांबण्याची मर्यादा ताशी दोन-तीन किलोमीटरवर आणावी, किंवा ही सोय बंद ठेवून मोठ्या मुक्कामाला हाताने थांबवावे.

चढाईचा आकडा

सायकलस्वारांच्या मनाला सर्वांत जास्त लागतो तो हा आकडा, आणि तो तितकाच नाजूकही आहे. उपग्रहांवरून मिळणारी उंची आडव्या स्थानापेक्षा कमी अचूक असते, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात, पायाखाली एकही नसतो. म्हणून केवळ उपग्रहांवर अवलंबून असलेले यंत्र सपाट रस्त्यावरही उंची सतत खाली-वर करत राहते, आणि त्यातली प्रत्येक वरची पायरी चढाईत जमा झाली तर नदीकाठच्या सपाट फेरीतही शे-दोनशे मीटर चढाई दिसते. यंत्रे यावर गाळणी लावतात. ठराविक मर्यादेपेक्षा लहान चढउतार ती मोजतच नाहीत. ही मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. त्यामुळे छोट्या-छोट्या टेकड्यांच्या रस्त्यावर शेजारी-शेजारी चाललेल्या दोन सायकलींची चढाई कधीच तंतोतंत जुळणार नाही. पाच टक्क्यांपर्यंतची तफावत मी दोष मानत नाही.

दाबमापक असलेले यंत्र याहून पुष्कळ चांगले असते. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हे दाब मोजण्याचे एकक) उतरला की उंची सुमारे साडेआठ मीटरने वाढली असे यंत्र धरते. पण हवेचा दाब हवामानामुळेही बदलतो आणि ते यंत्राला कळत नाही. उष्ण कटिबंधात तर स्वच्छ हवेतही दाब दिवसातून दोनदा वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो, आणि त्यांतला फरक तीन हेक्टोपास्कलपर्यंत जाऊ शकतो. याचा अर्थ, सकाळी दहाला निघून चारला त्याच दारात परतलेल्या सायकलस्वाराला आपले घर पंचवीसेक मीटर उंच झालेले दिसेल. फेरीची सुरुवात आणि शेवट एकाच जागी असूनही उंची जुळत नाही, ही तक्रार बहुतांशी एवढीच असते. वादळी पावसाच्या दिवशी फरक आणखी वाढतो. निघण्यापूर्वी ज्ञात उंचीच्या ठिकाणी यंत्राला उंची सांगून ठेवली, किंवा घराची जागा उंचीसकट साठवून ठेवली, तर सुरुवात तरी बरोबर होते. मधल्या हवामानाला इलाज नाही.

दाबमापकाचा खरा बिघाड ओळखायची खूण वेगळी आहे. उंचीच्या आलेखात चढ चालू असताना रेघ एकदम आडवी होते आणि काही वेळाने एका झटक्यात वीस-तीस मीटर उडी घेते. यंत्र उलटे करून पाहावे : मागच्या किंवा बाजूच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढी एक-दोन छिद्रे असतात आणि त्यांच्या आत दाबमापक असतो. तिथे घामाचा किंवा पावसाचा थेंब अडकला की आतली हवा बाहेरच्या हवेपासून तुटते, आणि थेंब वाळला किंवा सरकला की साठलेला फरक एकदम प्रकट होतो. घाम वाळून मागे राहिलेले मिठाचे पांढरे कण हे काम कायमचे करतात. सिलिकॉनचे आवरण घट्ट बसवले असेल आणि त्याचे भोक छिद्रावर येत नसेल तरी हेच होते. आवरण काढून एक फेरी करून पाहावी. छिद्र स्वच्छ करायला टाचणी, सुई किंवा जोराची हवा मुळीच वापरू नये, कारण आतला पातळ पडदा त्याने फाटतो. यंत्र स्वच्छ, कोमट पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावे आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावे. मात्र यंत्र पाण्यात टिकणारे आहे याची आधी खात्री करावी. आयपीएक्स ७ मानांकन म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास, आणि त्यातही चार्जिंगच्या खोबणीचे झाकण नीट बसलेले असले पाहिजे. ओल असताना चार्जिंगची वायर जोडू नये, कारण खोबणीतल्या पिना त्यानेच गंजतात.

चढाचे टक्के उशिरा दिसतात, हा दोष नाही. उंचीतला फरक आणि कापलेले अंतर यांचा भागाकार करायला यंत्राला काही मीटर जावे लागते, म्हणून चढ संपल्यावरही क्षणभर मोठा आकडा राहतो.

ॲपमधली ‘उंची दुरुस्त करा’ ही सोय यंत्राची नोंद फेकून देते आणि त्या-त्या जागेची उंची भूप्रदेशाच्या नकाशातून घेते. दाबमापक नसलेल्या यंत्रासाठी ती उपयोगी आहे. दाबमापक असेल तर ती वापरू नये. बोगद्यातून गेलेल्या सायकलस्वाराला ती डोंगरावरून नेते, उंच पुलावरून गेलेल्याला दरीत उतरवते, आणि कड्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर रेषा पाच मीटर सरकली तर तीस मीटरची खोटी चढाई निर्माण करते.

सेन्सर मधूनच तुटणे

वेग, पेडलची गती किंवा हृदयाचे ठोके मध्येच शून्य होत असतील तर आधी सेन्सरचे नाण्यासारखे सेल बदलावेत. बहुतेकांत सीआर २०३२ असतो. ॲपमध्ये सेल ‘ठीक’ दिसत असला तरी थंडीत त्याचा विद्युतदाब घसरतो आणि सेन्सर बंद पडतो. झाकणाखालची रबरी कडी पिळवटलेली नाही हेही पाहावे, नाहीतर पुढच्या पावसात पाणी आत जाईल.

सेल नवा असूनही जोडणी तुटत असेल तर फोनकडे पाहावे. अँट प्लस या बिनतारी पद्धतीवर बोलणारा सेन्सर एकाच वेळी अनेक यंत्रांना ऐकू जातो, पण ब्लूटूथवर पुष्कळ सेन्सर एक किंवा दोनच जोडण्या स्वीकारतात. फोनमधले एखादे व्यायामाचे ॲप पडद्यामागे चालू असते, ते घरातून निघण्याआधीच सेन्सरला पकडते आणि सायकल कॉम्प्युटरला तो सापडत नाही. फोनच्या ॲपमधून तो सेन्सर काढून टाकावा. एकच सेन्सर एकाच यंत्रात दोन्ही पद्धतींनी जोडलेला असेल तर त्यांतली एक जोडणी पुसावी. हे दोन्ही प्रकारचे संकेत आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यात चालतात, म्हणून हँडलवर यंत्राला खेटून बसवलेला कॅमेरा वायफाय चालू ठेवून फिरत असेल तर तो गोंगाट करतो. कॅमेऱ्याचे वायफाय बंद केले की प्रश्न मिटतो. नवा सेन्सर जोडण्याचे काम गटाच्या फेरीच्या आरंभी करू नये, कारण आसपास दहा सेन्सर बोलत असताना शेजाऱ्याचे हृदय आपल्या पडद्यावर धडधडू लागते.

नवे यंत्र घ्यायचेच असेल तर

वरची कारणे तपासून झाल्यावरही यंत्र बदलावेसे वाटत असेल, तर आपली तक्रार कोणती होती त्यावरून निवड करावी. डोंगराळ भागात चालवणाऱ्याने दाबमापक नसलेले यंत्र घेऊ नये, ही एकच अट मी बिनशर्त सांगेन. झाडी आणि उंच इमारतींमध्ये रेषा भरकटत असेल तर दोन वारंवारतांवर ऐकणारे यंत्र खरोखर उपयोगी पडते. जुन्या एल १ संकेताबरोबर एल ५ हाही संकेत ऐकल्याने आडवाटेने आलेला प्रतिध्वनी वेगळा ओळखता येतो. मोकळ्या माळावर चालवणाऱ्याला मात्र त्याचा फरक जाणवणार नाही आणि बॅटरी तेवढी लवकर संपेल. जीपीएससोबत ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या दुसऱ्या उपग्रह प्रणालींपैकी किमान एक ऐकणारे यंत्र आता सर्वत्र मिळते आणि तेवढे बहुतेकांना पुरते. अंतर आणि वेग हीच तक्रार असेल तर नव्या यंत्राऐवजी चाकाचा एक सेन्सर घ्यावा. पावसात आणि हातमोज्यांत चालवणाऱ्यांनी बटणांचे यंत्र पाहावे. ओल्या बोटांना स्पर्शाचा पडदा दाद देत नाही.

जुने यंत्र कोणाकडून घेत असाल तर ते मोकळ्यावर सुरू करून तारीख पाहावी. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंतच जाते आणि मग शून्यावर येते. ती ६ एप्रिल २०१९ च्या रात्री उलटली. ज्या यंत्राचे फर्मवेअर, म्हणजे आतली मूळ आज्ञावली, हे जाणत नाही ते उपग्रह सापडूनही तारीख साडेएकोणीस वर्षे मागची दाखवते, आणि फेऱ्या ॲपवर त्या काळात जाऊन बसतात. कंपनीने त्यासाठी अद्ययावत फर्मवेअर दिलेले नसेल तर ते यंत्र घेऊ नये.

फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी करावे. त्याने परिघाचे आकडे, जोडलेले सेन्सर, साठवलेल्या उंचीच्या जागा आणि बऱ्याच यंत्रांत न उतरवलेल्या फेऱ्याही पुसल्या जातात, म्हणून आधी फाइली संगणकावर घ्याव्यात आणि परीघ कागदावर लिहून ठेवावा. त्यानंतरही चूक तशीच राहिली तर कंपनीच्या सेवा केंद्राला पडद्याचे छायाचित्र न पाठवता चुकलेल्या फेरीची मूळ फिट फाइल पाठवावी आणि सोबत फर्मवेअरचा क्रमांक, कोणते सेन्सर जोडलेले होते आणि नोंद दर सेकंदाची होती का, हे कळवावे. वेग चाकावरून आला की उपग्रहांवरून, आणि उंचीची रेघ नेमकी कोणत्या मिनिटाला अडकली, हे तपासणाऱ्याला त्या फाइलमधून दिसते; छायाचित्रातून दिसत नाही.